जनावरांचा ताप

डॉक्टर नांदेडहून महिन्यातून एकदा हिंगोलीत येत. दवाखान्यात चार खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी पुनम भिंतीला टेकून उभी होती. समोर अजून एकजण तसाच उभा.

"बसत काहून न्हाई?" त्यानं विचारलं.

"बसले की उठता येत न्हाई."

तो हसला. "माझं बी तसंच."

तो हरीश. कनेरगाव नाक्यावर भावासोबत ढाबा चालवायचा. दोघांचीही कंबर पहाटे लाकडासारखी आखडायची, दोघांनाही मणक्याचा वात सांगितला होता. हा जन्माचा सोबती, असं डॉक्टर म्हणालेले. घरच्यांनी पुनमचं दुखणं सोयऱ्यांपासून लपवलं होतं. हरीशपाशी लपवायचं काही उरलंच नाही. महिन्याची ती तारीख तिला हवीहवीशी वाटू लागली.

"सकाळी आधी मी तुमाला उठवीन," एकदा तो हळूच म्हणाला, "मग तुमी मला."

"आन दोघंबी आखडलो तर?"

"तर पडून राहू... दुपारपर्यंत."

ती लाजून खिडकीबाहेर बघत राहिली.

पण औषधं घेऊनही तिला रोज सांजेला घाम सुटून ताप भरू लागला. डॉक्टरांनी घरच्या जनावरांची चौकशी केली. शेळ्यांचं कच्चं दूध पिते, दोन शेळ्या दिवस भरायच्या आतच गाभडल्या होत्या, हे ऐकून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. तो वात नव्हताच. शेळ्यांपासून लागलेला जंतूंचा ताप कंबरेत उतरला होता. वाताच्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या, आणि दोन-अडीच महिन्यांत पुनम खणखणीत बरी झाली. आईनं लगेच स्थळं बघायला घेतली.

शेवटच्या तपासणीला हरीश भेटला. त्याची मान आता वळत नव्हती. तिच्याकडे बघायला तो सगळाच वळला.

"आता इकडं येऊ नका," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी येईन."

"दुखणं दोघांचं होतं तवर बराबरी होती, पुनम. आता रोज तुमीच उठवायचं... जन्मभर."

"उठवीन की."

"मला न्हाई बघवणार ते."

तो गेला. पुढच्या महिन्यात ती आली, तेव्हा कळलं, तो आता वाशीमच्या डॉक्टरकडे जातो. नाक्यावर जाऊन तिनं हाकही मारून पाहिली. भाऊ बाहेर आला; हरीश आला नाही.

श्रावणात आईनं औंढ्याला नवस फेडला. लेकीला बरं केलं म्हणून नागनाथापुढं डोकं टेकून ती रडली. पुनम शेजारी हात जोडून उभी होती. तिला एकच मागायचं होतं – तो ताप परत दे... पण आईचं तोंड बघून तिच्यानं तेही मागवलं नाही.