उपाशी घड्याळ

ज्या घड्याळाचा सेल कधी बदलावा लागत नाही, ते बंद कसं पडलं?

केतकी देव्हाऱ्यापुढे बसली होती. तिने दोन सारखी घड्याळं घेतली होती: वैमानिक वापरतात तशी मोठ्या आकड्यांची, उजेडावर चालणारी, खिशाला परवडणारी. एक चंद्रतळावर गेलेल्या आईच्या मनगटावर होतं. दुसरं तिने, आई सुखरूप यावी म्हणून, रेशमी फडक्यात गुंडाळून इतके महिने देवापाशी ठेवलं होतं.

आज परत निघताना आईच्या यानाचा संगणक बंद पडला. "केतूच्या घड्याळावर वेळ बघून इंजिन पेटवते," एवढं रेडिओवर सांगून ती चंद्रामागे गेली. तिथून आवाज येत नाही. वेळ चुकली तर यान तिथेच फिरत राहणार. आतली हवा किती पुरणार?

"स्वस्तातलं घेतलं मी, आजोबा! हे थांबलं, म्हणजे तिचंही..."

आजोबा निवृत्त अंतराळशास्त्रज्ञ, म्हणून यानाशी बोलायचा रेडिओ घरातच; आणि कीर्तनात झांज धरणारे. त्यांनी घड्याळ उन्हात धरलं.

"काचेवर ओरखडे पडतील, पट्टा कडक आहे. पण आकडे कसे ठसठशीत! तू ह्याला उपास घडवलास, बाळ. तबकडीखाली सौरघट (उजेडाची वीज करणारी पट्टी) आहे. ती वीज इवल्या बॅटरीत साठते. अंधार लांबला, की वीज वाचवायला काटे थांबतात. आतलं मोजणं चालूच."

"काटे थांबूनही?"

"तालात 'खाली' येते, तेव्हा टाळी वाजत नाही, हात नुसता उघडतो. म्हणून मात्रा मोजायची सोडतो का आपण? मी एकदा सोडली, तर बुवांनी भर कीर्तनात डोळे वटारले!"

केतकी हसली नाही. इतक्यात काटे गरगर फिरले आणि भिंतीवरच्या घड्याळाशी जुळले.

"आईचं घड्याळ रोज उजेडात होतं. पोट भरलेलं आहे त्याचं. ते नाही थांबायचं."

"आणि आई?"

आजोबांनी रेडिओचा आवाज वाढवला. सेकंदकाटा इंजिन पेटवायच्या क्षणावरून पुढे सरकला. रेडिओ गप्पच. "रामराया," ते पुटपुटले.

केतकीने रेडिओचा माइक ओढला.

"चंद्राआड ऐकू जात नाही गं."

"माहितेय." तिने डोळे पुसले. "आई, मी केतू. तू बाहेर आलीस, की पहिला आवाज माझाच असेल. बोलतच राहते."