चंदेरी आवाज

“आत्या, पाच वाजता तुम्ही सगळे म्हातारबाला घालवून देणार?”

“घालवून नाही गं. ठराव आहे,” आत्या म्हणाली, पण तिने तंद्रीकडे पाहिलं नाही.

आत्या आठवडाभर लोकांचे दात काढायची आणि रविवारी प्राण्यांच्या निवाऱ्यात राबायची. निवाऱ्याच्या मंडळावर ती सभासद होती. पगार शून्य, कटकटी पोतंभर! सुट्टीला आलेली भाचरं, तंद्री आणि तिचा दादा, आज तिच्याबरोबर आली होती. आत्याचा मुलगा बुटका तर शेपटासारखा मागे असायचाच. खिडकीबाहेर बघता बघता पुढ्यातल्या दुधावर साय धरली तरी हिला पत्ता नाही, म्हणून तंद्रीचं नाव तंद्री.

म्हातारबा हा निवाऱ्यातला सगळ्यात जुना कुत्रा. तपकिरी, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला. गेल्या सुट्टीत तो तंद्रीच्या पायावर डोकं ठेवून घोरायचा. आता सहा दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि परवा तो राखणदारमामांच्या अंगावर गेला होता. चावऱ्या कुत्र्यांच्या दूरच्या कोंडवाड्यात त्याची रवानगी व्हायची होती.

आत्या सभेला गेली आणि मुलं कुत्र्यांच्या लांबट खोलीत शिरली. छताच्या काचेतून ऊन तिरपं उतरत होतं. उन्हात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की खोली पाण्याखाली आहे असं वाटावं. आठ कुत्री, पण भुंकणं नाही. सगळी आपापल्या पिंजऱ्याच्या टोकाला, दाराकडच्या भिंतीला नाक लावून उभी!

तंद्री थबकली. कुठूनतरी एक बारीक, चंदेरी आवाज येत होता. ओल्या बोटाने पेल्याची कड घासावी तसा, पण न थांबणारा.

“दादा, काहीतरी वाजतंय का रे?”

“म्हणजे तुलाही ऐकू येतंय? मला वाटलं, माझेच कान वाजताहेत!”

“माझं तर डोकं दुखतंय,” बुटका कुरकुरला.

दाराशी उभे असलेले राखणदारमामा हसले. “कसला आवाज? चिडीचूप आहे सगळं!”

“तंद्री, डोळे मीट आणि चालत राहा,” दादा कुजबुजला. “आवाज वाढेल तिकडे!”

ती झोपेत चालल्यासारखी निघाली. आवाज वाढत वाढत दातांत शिरला, तेव्हा तिचा हात एका कपाटाला लागला. कपाटामागे भिंतीवर एक पांढरी डबी होती.

“ते होय! उंदीर पळवायचं यंत्र,” मामा म्हणाले. “सोमवारी संध्याकाळी अध्यक्षसाहेबांनी स्वतः बसवलं. बिघडलंय वाटतं, आवाजच नाही त्याला.”

“मामा, म्हातारबा शेवटचं कधी जेवला?”

मामांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. “सोमवारी दुपारी… अरेच्चा!”

घड्याळात पाचला दहा कमी होते. तिघं धावत सुटली आणि सभेत शिरून त्यांनी यंत्राच्या आवाजाचं एका दमात सांगून टाकलं!

“बाळांनो, सभा चालू आहे,” अध्यक्षकाका म्हणाले. ते निवृत्त इंजिनियर होते. “आणि त्या खोलीची पाहणी मी याच आठवड्यात दोनदा केली आहे.”

“दारातूनच ना?” बुटका म्हणाला. “मी दर रविवारी बघतो! कागदावर खूण केली की चालले!”

आत्याला एकदम खोकला आला.

“काका, परीक्षा घ्या आमची,” तंद्री म्हणाली. “आम्ही भिंतीकडे तोंड करून डोळे मिटतो. तुम्ही यंत्र हवं तेव्हा चालू करा, हवं तेव्हा बंद करा. चालू असेल तेव्हा आम्ही हात वर करू. दहा वेळा.”

इंजिनियरला नाही म्हणणं जमेना. सगळं मंडळ खोलीत आलं. खट! तीन हात वर. खट! तीन हात खाली. सहाव्या वेळी काकांनी लबाडी केली. खटका दोनदा दाबून यंत्र होतं तसं बंदच ठेवलं. एकही हात हलला नाही. दहापैकी दहा!

“आपल्यापैकी कुणाला ऐकू आलं?” आत्याने विचारलं. मोठ्यांनी एकमेकांकडे पाहून नकारार्थी माना हलवल्या.

“वय वाढलं की असे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात,” दादा म्हणाला. “कुत्र्यांना तर आमच्याहून जास्त ऐकू येतं.”

काकांनी यंत्र उपटून काढलं. ऊन भिंतीवर चार बोटं वर सरकलं. मग म्हातारबाने भिंतीपासून नाक काढलं, कान झटकले आणि एकेक पाऊल मोजल्यासारखा तो भांड्यापर्यंत आला. लप्‌ लप्‌ लप्‌! पाठोपाठ पलीकडच्या पिंजऱ्यातलं भांडं खडखडलं.

“ठराव मागे घ्यावा, अशी माझी सूचना आहे,” आत्या म्हणाली. सगळे हात वर झाले, मामांचासुद्धा, ते मंडळावर नसूनही!

“चाळीस वर्षं यंत्रं बसवली मी,” अध्यक्षकाका म्हणाले, “पण सोबतचा माहितीचा कागद वाचायचा कंटाळा काही सोडला नाही. पोरांनो, शाबास! आमच्या मंडळापेक्षा तुमची पाहणी पक्की.” ते गुडघे धरत म्हातारबाशेजारी जमिनीवर बसले. इस्त्रीच्या पँटला केस चिकटले. “आता नीट पाहणी करतो. किती वेळ बसायचं असतं?”

“त्याला झोप लागेपर्यंत,” तंद्री म्हणाली.