सतरावं रीळ

सरोजिनीने सकाळपासून पुस्तकांच्या नोंदींची चाळीस कार्डं लिहून टेबलावर वाळत घातली होती. ऑगस्टमधला कोल्हापूरचा पाऊस… हवा इतकी ओली की शाई वाळायला तास लागायचा. तिने खिडकी लावून घेतली होती, पंखा बंद ठेवला होता, शिपायालाही टेबलाजवळ फिरकू नको म्हणून बजावलं होतं. अकराच्या सुमाराला एक नखशिखांत भिजलेला माणूस वाचनालयात शिरला, त्याने डोक्यावरची लोखंडी ट्रंक उतरवली आणि थेट त्या चाळीस कार्डांवर ठेवली.

"कुठं ठेवू?" त्याने विचारलं. ठेवून झाल्यावर.

"ते टेबल आहे," सरोजिनी म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता. तिच्या घरच्यांना त्या शांतपणाची धास्ती वाटायची.

"व्हय, दिसलं की. म्हनूनच ठेवली. खाली पानी हाय."

खाली पाणी होतं हे खरं, पण ते त्याच्याच अंगावरून गळत होतं. तिने बोट दाखवलं तेव्हा त्याने ट्रंक उचलली, ट्रंकेच्या बुडाला लागलेली निळी शाई पाहिली, मग एक कार्ड अलगद उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"अक्षर झ्याक हाय तुमचं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "…व्हतं."

त्याचं नाव जोतीराम. राहणार मुरगूड. बाहेर टांग्यात आणखी दोन ट्रंका होत्या.

गडहिंग्लजच्या सयाजी मालकांनी तीस वर्षं तंबूतला सिनेमा जिल्हाभर फिरवला होता. जानेवारीत ते वारले आणि मृत्युपत्रात 'माझी सगळी लायब्ररी' या वाचनालयाला देऊन गेले. कमिटीने आनंदाने ठराव केला, फोटोला हारही घातला. ट्रंका उघडल्या तेव्हा आत फिल्मची रिळं निघाली, गुंडाळलेले नकाशे निघाले, एक प्रोजेक्टर निघाला, आणि पुस्तक म्हणावं असं एकही पुस्तक निघालं नाही.

सेक्रेटरी दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून पाहिलं. ट्रंकेत तेच होतं.

"सरोजिनीबाई, तुम्ही पुण्याला कोर्स केलाय ना? मग तालिका करा याची. दसऱ्याआधीच्या बैठकीला रीतसर नोंदी झालेल्या दिसल्या तर ठेवू. नाहीतर भंगारात. जागा कुठाय आपल्याकडे?"

मालकांचा ऑपरेटर म्हणजे हा जोतीराम. त्याच्याशिवाय यातलं कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याने एसटीने यायचं असं ठरलं, आणि सरोजिनीच्या आयुष्यातली शांतता संपली.

पहिल्या शुक्रवारी तिने नकाशा पसरला. मेणकापडावर हाताने काढलेला, नदी निळी, रस्ते तांबडे.

"याचं प्रमाण काय?"

"म्हंजे?"

"म्हणजे नकाशावरचं एक बोट अंतर जमिनीवर किती मैल?"

"एक बोट म्हंजे एक मुक्काम."

"मैल किती पण?"

"ते बैलांवर हाय की. मलकापूरच्या चढाला बोटभर जायाला दोन दिस लागायचं."

सरोजिनीने पेन्सिल खाली ठेवली. "बरं. यात उत्तर दिशा कुठली?"

"मालकांस्नी उत्तर लागत न्हवती, बाई. वाटंत जेवान कुठं मिळंल त्ये लागायचं. ह्ये बगा, ह्या ठिपक्यापाशी धोंडुबाई म्हनून म्हातारी व्हती. तिच्या हातची आमटी…" आणि त्याने आमटीची गोष्ट सांगितली. वीस मिनिटं. गोष्ट चांगली होती, हे आणखीनच वाईट. 'प्रमाण' या रकान्यात तिने 'दिलेले नाही' असं लिहिलं आणि घरी जाताना आमटीचाच विचार करत राहिली.

पुढच्या मंगळवारी एक जाडजूड बाड. कव्हर जुन्या पंचांगाचं. आत प्रत्येक पानावर सिनेमाच्या जाहिराती चिकटवलेल्या, रंगीबेरंगी, गावोगावच्या.

"याला पंचांग म्हणायचं की जाहिराती?" ती स्वतःशीच पुटपुटली. "लेखक कोण?"

"खळ मी लावली हाय."

"तुम्हाला लेखक म्हणून लावू?"

"लावा की. आमच्या घरात कुनी न्हाय अजून."

ती हसली नाही. हसू येऊ नये म्हणून तिने ओठ इतके घट्ट मिटले की तो विचारू लागला, दात दुखतोय का.

त्याच्या हातात मात्र कसब होतं. रीळ उचलताना तो फितीला कधी बोट लावायचा नाही. नुसत्या कडांवर पकड, जसं कुणी झोपलेलं लेकरू उचलावं. हे तिने पाहिलं, आणि आपण पाहतोय हे त्यालाही दिसलं, म्हणून तिने लगेच त्याला ओली चप्पल बाहेर काढायला सांगितलं. ती त्याने आधीच काढलेली होती.

"मानसांस्नी बी नंबर देता का हितं?" एकदा त्याने विचारलं.

"नाही."

"दिला असता तर मला कुठं घातला असता?"

"संकीर्णमध्ये. जे कुठंच नीट बसत नाही ते तिथं जातं."

त्याने मान वळवून सगळी कपाटं नीट पाहून घेतली. संकीर्णचं कपाट बरोबर तिच्या खुर्चीच्या मागे होतं.

"मग ठीक हाय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ती घरी आईवर उगाच चिडली. पुढच्या शुक्रवारी आपण पोपटी साडी नेसून आलोय हे तिला वाचनालयाच्या पायरीवर लक्षात आलं, तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

सप्टेंबर संपता संपता सोळा रिळांच्या नोंदी झाल्या. जत्रा, कुस्त्या, उसाच्या गाड्या, नदीचा पूर. सगळं मालकांनी स्वतः कॅमेऱ्याने घेतलेलं. फितीवर कुठेच नाव नाही. अशा वेळी नाव तालिकाकाराने द्यायचं आणि ते चौकोनी कंसात घालायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे वस्तूवर लिहिलेलं नाही, कुणीतरी माहीत असलेल्याने सांगितलंय. जोतीराम सांगत होता, ती कंस काढत होती. मग तिने मृत्युपत्राची नक्कल काढून मोजदाद केली.

"इथं सतरा रिळं म्हटलंय."

"मालक मोजायला चुकलं असतील," जोतीराम म्हणाला.

ती पुढचं ऐकायला थांबली. पुढे काहीच आलं नाही. गावाचं नाव विचारलं तर अर्धा तास बोलणारा हा माणूस एका वाक्यात गप्प बसला होता, आणि खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत होता. तेव्हाच तिला कळलं की तो खोटं बोलतोय.

दत्तोपंतांनाही नक्कल वाचता येत होती. "सतरा म्हणजे सतरा," ते म्हणाले. "बैठकीपर्यंत मिळालं नाही तर मला पोलिसांत कळवावं लागेल. ट्रंका कुणी आणल्या ते सगळ्यांना माहीत आहे."

गुरुवारी तिने रजा टाकली आणि मुरगूडची एसटी धरली. वाटभर ती त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होती. नऊ मुद्दे झाले. चिखलातून चप्पल हातात घेऊन घर शोधलं तेव्हा दारात त्याची चुलती बनाबाई दाणे निवडत होती.

"जोती रानात गेलाय, येईल आता. तुमी लायबरीतल्या बाई व्हय? या, पावणं, आत या. त्येच्या आईच्या फिलमीसाटी आलायसा जनू."

"आईच्या?"

बनाबाईने देव्हाऱ्याकडे हात केला. देवांच्या शेजारी पत्र्याचा गोल डबा होता. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

जोतीराम पाय धुऊन आत आला तेव्हा सरोजिनी तो डबा हातात घेऊन उभी होती. नऊ मुद्द्यांतला एकही तिला आठवेना.

"फिल्मच्या डब्याला हळद लावतात का कुणी?" एवढंच ती म्हणाली. "आत गेली तर?"

तो भिंतीला टेकून बसला. तो बोलू लागला, पण या वेळी गोष्ट सांगितल्यासारखं बोलला नाही.

"मी पाच वर्साचा व्हतो तवा ती तापानं गेली. आई-बा तवा मालकांच्या तंबूवर कामाला व्हतं. फोटू न्हाय, काय न्हाय. तिचं तोंड मला आठवत न्हवतं. एकोनीस वर्साचा असताना मालकांनी ह्ये रीळ लावलं, मलकापूरच्या बाजाराचं. म्हनाले, थांब, ती बग, तंबूपाशी हुबी हाय, ती तुझी आई, चिमणाबाई. उनासाटी कपाळावर हात धरलाय, आन हसतीया. अकरा सेकंद हाय ती… आता तोंड आठवतं. पर त्ये फिलमीतलंच."

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी लिवून घेतलं असतं. मग त्ये वाचनालयाचं झालं असतं."

"आणि आता बघता कशावर? प्रोजेक्टर तर आमच्याकडे आहे."

तिला उशिरा उमगलं. जानेवारीत मालक गेले, तंबू मोडला, तेव्हापासून त्याने ती अकरा सेकंदं पाहिलेलीच नव्हती. पाहता येणार नाही ते एक रीळ ठेवून घेऊन बाकी सगळं तो डोक्यावरून पोचवून गेला होता.

"तुम्ही इतके… इतके वेडे कसे?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, याचाही तिला राग आला. तिने झाकण उघडून वास घेतला. "आंबूस वास येतोय. फीत कुजायला लागली की असा येतो. या घरात अजून चार पावसाळे, मग तुमच्या आई दिसणार नाहीत, जोतीराम. कोरड्या कपाटात राहिल्या तर कितीतरी वर्षं राहतील. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते."

"आन तुमी तितं कवापत्तुर हाय?"

तिने डबा पुसून होता तिथे परत ठेवला आणि चारची एसटी पकडली. रिकाम्या हाताने.

शुक्रवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. ती दर एसटीच्या वेळेला दाराकडे पाहत होती आणि पाहिल्याबद्दल स्वतःला बोल लावत होती. दसऱ्याच्या आदल्या रविवारी दुपारी बैठक भरली. दत्तोपंतांनी पोलिसांना द्यायचं पत्र टाइप करून खिशात आणलं होतं. ते वाचायला त्यांनी चष्मा लावला, एवढ्यात दारात जोतीराम उभा राहिला. धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला डबा त्याने दोन्ही हातांनी सरोजिनीच्या टेबलावर ठेवला. या वेळी आधी टेबल रिकामं आहे का ते पाहून.

"इतके दिवस कुठं होतं हे?" दत्तोपंतांनी विचारलं.

"दुरुस्तीला," सरोजिनी म्हणाली. सहा वर्षांच्या नोकरीत तिने कधी खोटी नोंद केली नव्हती. ही पहिली.

खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. जोतीरामने फीत ओवली. भिंतीवर बाजार उमटला, बैल, कांद्याचे ढीग, आणि एका कडेला एक पोरसवदा बाई, कपाळावर हात धरून, हसणारी. मग ती गेली आणि पुन्हा बैल आले.

"ही कोण?" दत्तोपंत म्हणाले.

जोतीराम प्रोजेक्टरवर वाकून फीत सांभाळत राहिला. सरोजिनीने कार्ड उचलून प्रोजेक्टरच्या उजेडात धरलं. मुरगूडहून आल्या दिवशीच तिने ते लिहून ठेवलं होतं. "रीळ क्रमांक सतरा. मलकापूरचा बाजार, सुमारे एकोणीसशे एक्कावन्न. कृष्णधवल, मूक, चार मिनिटं. दृश्यात चिमणाबाई, राहणार मुरगूड. जोतीराम यांच्या मातोश्री." ती थांबली. "हे नाव फितीवर नाही, म्हणून चौकोनी कंसात घातलंय."

अंधारात कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. मग दत्तोपंत खोकले.

"पुन्हा लावा ते," ते म्हणाले. "आणि जरा सावकाश फिरवता आलं तर बघा."

संग्रह ठेवायचं ठरलं. माणसं गेली. दोघं सतरंज्या उतरवू लागले. मध्येच जोतीराम थांबला आणि कार्डावरच्या अक्षरांवरून, न टेकवता, बोट फिरवू लागला.

"तिचं नाव कुठंच लिवलेलं न्हवतं, बाई. सातबाऱ्यावर बी न्हाय."

सरोजिनी सतरंजीची घडी घालत राहिली. घडी चुकत होती.

"आता तुमचं काम संपलं. मंगळवारी येणार नाही तुम्ही," ती म्हणाली.

"व्हय. संपलं."

"एवढंच?"

"काम नसताना आलो तर चालंल का?"

"जोतीराम, गेले दोन महिने मी मंगळवार-शुक्रवार सोडून आठवड्यातले बाकीचे वार नुसते ढकलतेय. तुम्हाला दिसत काही नाही का?"

"दिसतंय की," तो हळूच म्हणाला. "पैल्या आठवड्यापासनं. पर तुमचं घर मास्तरांचं, आमचं रानातलं. तुमच्या वडलांपुढं मी कुठल्या तोंडानं हुबं ऱ्हायाचं, ह्येचाच इचार करत व्हतो. मला तुमी लई आवडता, सरोजिनी." त्याने 'बाई' गाळलं होतं. दोघांनाही ऐकू आलं.

"मग दहा दिवस घरी बसून विचार करायचा?" तिचा आवाज चिरकला. "इथं मी… कमाल आहे तुमची."

तिने छत्री घेतली, कुलूप लावलं आणि मंगळवार पेठेच्या दिशेने चालू लागली. तो स्टँडच्या दिशेने वळला, तशी ती थांबली.

"इकडे."

वाटेत ती फारसं बोलली नाही. घराच्या दाराशी तिने कडी वाजवली. त्र्यंबकमास्तरांनी दार अर्धं उघडलं, हातात तपासायच्या वह्या, आणि मुलीच्या छत्रीत एक परका माणूस, अर्धा बाहेर भिजत असलेला.

"बाबा, हे जोतीराम. मुरगूडचे," ती म्हणाली. "मी यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा, ते सांगतील. फक्त वेळ लागेल."

मास्तरांनी आधी जोतीरामकडे पाहिलं, मग मुलीच्या तोंडाकडे बराच वेळ. मग वह्या काखेत मारून त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. चार कप."