जिन्यातला जाहिद

शिरीननं वर्गाला हुकूम दिला, "सिएन्तेन्से." म्हणजे बसा. वीस पोरं खाली बसली... आणि पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमनही स्टुलावरून उतरून मागच्या बाकावर जाऊन बसला.

वर्ग हसला. शिरीनलाही हसू आवरेना.

"तुमाले नाई म्हटलं मी."

"सगळ्याइले म्हटलं ना," तो म्हणाला. "मास्तरणीचं आयकाव लागते."

चंद्रपुरात एका कापडदुकानाच्या माडीवर शिरीन स्पॅनिश शिकवायची. कॉलसेंटरच्या नोकरीसाठी पोरं यायची. पुस्तक उघडण्याआधी ती हुकूम शिकवी — उठा, बसा, दार लावा, ऐका. ती बोलायची, पोरं करून दाखवायची. शब्द असा अंगात मुरतो. तो वायरमन म्हणजे जवळच्या माजरी या कोळसाखाणीच्या गावचा जाहिद. पंखा फिरू लागल्यावर त्यानं रीतसर वर्गात नाव घातलं.

"तुमाले काऊन पायजे स्पॅनिश?" तिनं एकदा जिन्यात विचारलं.

"मले हुकूम आयकाले आवडते... देणारं चांगलं असलं म्हणजे."

तिनं ओढणी सावरली, पण गालातलं हसू काही लपलं नाही.

स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं, आणि हुकुमाचं रूप त्याप्रमाणे बदलतं. जाहिदला ती नेहमी "सिएन्तेसे" म्हणायची, बसा. एका दुपारी तो फळ्याजवळून जागेवर परतत असताना तिच्या तोंडून निघून गेलं — "सिएन्ताते." बस.

कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याचं पाऊल मात्र जागीच अडलं.

वर्ग सुटल्यावर जिन्यात तो हळूच म्हणाला, "मॅडम, आज तुमी मले तू म्हटलं."

"चुकून म्हटलं."

"मंग ही चूक सुधारू नका."

त्यानंतर अकराव्या दिवशी, एका सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामावर तारा ओढताना जाहिद खालच्या, माल वाहणाऱ्या चालत्या पट्ट्यावर पडला. उजवा पाय चिरडला. नागपुरात डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

दोन महिने त्यानं फोन उचलला नाही. शेवटी शिरीन बसनं माजरीला गेली. त्याच्या अम्मीनं, कनीजबाईंनी, दार उघडलं. जाहिद खाटेवर होता, छातीपर्यंत चादर ओढलेली. तिला पाहताच त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"वायासे," तो म्हणाला.

जा. पण तूचं जा नव्हे, तुम्हीचं. तिनंच शिकवलेलं रूप, उच्चारही अचूक. त्यानं शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. ती तशीच मागं फिरली. बसच्या खिडकीबाहेर कोळशाचे ढीग मागं पडत गेले, तिला काहीच दिसत नव्हतं.

घरी अब्बांनी, इनायत टेलरनी, हिंगणघाटचं स्थळ आणलं होतं. शिरीननं नकार दिला, आणि का, तेही सांगितलं.

"एका पायाच्या पोराच्या घरी जाशीन?" इनायतभाईंनी एवढंच विचारलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. चार दिवस बाप-लेकीत शब्द नाही.

पाचव्या दिवशी ती पुन्हा माजरीला गेली.

"कायले आल्या?" जाहिदनं विचारलं.

"मले स्थळ आलं होतं. त्याले नाई म्हणून आली."

"मले पाय नाई. काम नाई. अम्मी उचलून बसवते मले. तुमी दया करून राह्यल्या का?"

"दया असती तं एक डाव रडून मोकळी झाली असती मी. दोन महिने झोप काऊन गेली असती माही?"

बाहेरून कोळशाचा डंपर गेला, खिडकीची काच थरथरली.

"मले भेव वाटते, शिरीन," तो म्हणाला. "तू पाहशीन... अन् मंग येणार नाई."

"दाखव."

अम्मीशिवाय त्यानं तो कापलेला पाय घरी कुणाला पाहू दिला नव्हता. त्यानं स्वतःच चादर बाजूला केली. कापल्या जागेची कातडी अजून तांबडी, ताणलेली होती. शिरीननं नजर हलवली नाही. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखते?"

"जिथं पाय नाई, तिथंच जास्त दुखते."

तेव्हा तो रडला. अपघातानंतर पहिल्यांदाच, असं कनीजबाईंनी तिला नंतर सांगितलं.

दिवेलागणीला शिरीननं घरी फोन लावला. "अब्बा, माजरीत आहो मी. जाहिदच्या घरी. शेवटली बस गेली."

पलीकडची शिलाई मशीन थांबली. तिला वाटलं, फोन ठेवला.

"घ्याले येऊ?" इनायतभाईंनी विचारलं.

"या. अन् त्याले भेटा."

मशीनवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"एक तास लागन," ते म्हणाले.