माईंच्या बाजूची गादी

गाद्या साफ करण्यात भिण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत पदर खोचून ताईकडे गेले होते, तेही चांगल्या लख्ख उन्हात.

ताई माझी थोरली बहीण. तिच्या सासूबाईंना सगळे माई म्हणत. त्या नुकत्याच गेल्या होत्या. मला माईंचं फार कौतुक होतं. त्यांच्या घरी पाहुणी म्हणून झोपलं की सकाळी उठावंसं वाटत नसे. कापसाची गादी त्या उन्हात टाकून काठीने झोडपायच्या. फोमच्या गादीला मात्र ऊन लागू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "तिला सावलीतला वारा पुरतो. उन्हानं तिचा जीव सुकतो." आणि सगळं झालं की पालथा हात गादीवर टेकवून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. ओल गेली की नाही, हे त्यांना हाताच्या पाठीनं कळायचं.

अशी बाई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळली. जाड स्प्रिंगच्या गादीवर, भिंतीकडच्या बाजूला. ताईनं सगळं केलं, पण दुखणंच असं की गादीवर डाग पडायचे ते पडलेच.

माई गेल्या आणि नानांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, त्या गादीला पाठ लावली नाही. दिवसरात्र आरामखुर्चीत. पाय खाली सोडून बसून बसून खांबासारखे सुजले. डॉक्टर ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "हे आडवे झाले नाहीत तर पुढचं मला सांगता यायचं नाही."

ताई नवी गादी आणायला निघाली, तर नाना म्हणाले, "ती गादी दाराबाहेर गेली की मागोमाग मी गेलो समज."

"मग तिच्यावर झोपा ना!"

"कसा झोपू? मळलीय ती. मळक्या गादीवर तिनं मला कधी झोपू दिलंय?"

म्हणून आम्ही दोघी त्या खोलीत शिरलो. खिडकी बंद होती. औषधाचा, पावडरीचा आणि खाली दडलेला आंबूस वास. चादर काढली. गादीवर भिंतीच्या बाजूला माईंच्या अंगाचा खोलगट ठसा होता, आणि त्यात पिवळट डाग.

ताईनं शिवणीशिवणीतून व्हॅक्यूम फिरवला. मी नुसती बघत होते.

"बघतेस काय सिनेमा बघितल्यासारखी? त्या टोकाला धर."

"सासूची हुबेहूब नक्कल करतेस गं तू."

"नक्कल नाही, शिकवणी आहे. कितीदा हातावर फटका खाल्लाय मी," ताई हसली आणि साबणाचं पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

मला वाटलं, तेवढ्यात आपणही काही करावं. न्हाणीघरात ब्लीचची बाटली होती. ती आणली, झाकण काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, फडकं घ्यायला वळले. परत बघते तर झाकण बाटलीवर.

आपणच लावलं असेल, म्हणून पुन्हा फिरवलं. हलेना. जोर लावला. तेव्हा माझ्या मुठीवर काहीतरी टेकलं. थंड, कोरडं, हलकंसं... कुणी पालथा हात ठेवावा तसं.

"ताई?"

ताई दारातून आत येत होती. तिनं बादली खाली ठेवली आणि बाटली माझ्या हातातून हिसकावलीच.

"अगं, वेड लागलंय का तुला? लघवीच्या डागावर ब्लीच? विषारी वाफ उठते त्याची! आणि खिडकी बंद! दोघींचीही छाती भरली असती."

"मी ओतणारच होते," मी म्हटलं. "पण झाकण..."

"झाकणाचं काय?"

मी सांगितलं. ताईनं खिडकी सताड उघडली आणि भिंतीकडे बघून हळूच म्हणाली, "नवशिकी आहे हो ती. मी आहे ना."

मी भिंतीकडेच बघत राहिले. ताई मात्र कामाला लागली होती. साबणाचा नुसता फेस घ्यायचा, पाणी नाही. स्प्रिंगच्या गादीच्या पोटात पाणी गेलं तर आत गंज आणि बुरशी. पिळलेल्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. मग तिनं सगळ्या गादीवर खायचा सोडा चाळणीनं पसरला. पांढरा, सपाट, कुठे बोट उमटलेलं नाही. दार ओढून घेतलं आणि आम्ही बाहेर नानांजवळ चहा घेत बसलो. घरात आम्ही तिघंच.

सोडा वास ओढून घेईपर्यंत थांबून आत गेलो. ताईनं माझा दंड धरला.

नानांच्या बाजूचा सोडा होता तसा होता. भिंतीच्या बाजूचा मात्र दाबला गेला होता. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजलेल्या बारीक बाईएवढा.

"पाहून गेल्या," ताई कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. भीतीनं नव्हे. "बघ ना... अजून विश्वास नाही माझ्यावर."

"ताई, आपण जाऊ या."

"आणि नाना?"

आम्ही सोडा झाडला, गादी कडेवर उभी करून खिडकीच्या वाऱ्याला लावली. उन्हं कलताना ती पलंगावर घातली. ताई पालथा हात टेकवत सरकत गेली. भिंतीजवळ थबकली.

"ओल राहिली?" मी विचारलं.

"नाही. कोरडी आहे." तिनं हात उचलला नाही. "पण ऊब आहे गं..."

वर स्वच्छ चादर घातली. नाना भिंतीला धरत आले. वाकून वास घेतला. गादीवरून हात फिरवला. मग सावकाश आडवे झाले, अगदी कडेला, भिंतीकडची जागा मोकळी सोडून.

"हं," ते म्हणाले. "झाली एकदाची तिच्या मनासारखी." आणि बघता बघता घोरायला लागले. ताई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडली. मीही.

थोड्या वेळानं त्यांच्या पायांखाली उशी द्यायला आम्ही आत गेलो. दिवा लावायची गरज नव्हती, इतका उजेड अजून होता. नाना शांत झोपले होते. धोतर गुडघ्यापर्यंत सरकलं होतं. सुजलेल्या पायाला दाबलं की तिथे खळगा पडतो आणि थोड्या वेळानं आपोआप भरून येतो, ते तुम्हाला ठाऊक असेल. नानांच्या भिंतीकडच्या पोटरीवर बारीक बोटांचे असे खळगे ओळीनं होते. खोल, ताजे.

"तू दाबलेस पाय?" मी ताईला विचारलं.

ताईनं नाही म्हणून मान हलवली. तिचा हात उशीवर तसाच राहिला होता.

मी वाकून बघितलं. पहिला खळगा हळूहळू भरून येत होता. आणि ओळीच्या शेवटी, आमच्या डोळ्यांदेखत, नवा पडत होता.