सहावं घर

दिवा राहू दे बंदच, डास येतात. आणि तू पायरीवरून जरा आत सरक.

ही माझ्या साडूची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, एकदाच. पुन्हा विषय काढला तर उठून जायचा. भूतखेत म्हटलं की हसणारा माणूस हा. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवायचा. कपाटाएवढं जुनं यंत्र. साध्या मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसत नाही, ह्यात दिसतो.

"पण काका, कुठला विषाणू ते कसं ओळखतात?"

तोंडावरून! अगं, प्रत्येकाचा घाट वेगळा. कांजिण्यांचा गोल, भोवती सैल पिशवी. देवीच्या कुळातला विटेसारखा. फोडातलं थेंबभर पाणी टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर वाळवायचं आणि जाळी यंत्रात सरकवायची. तिला शेकडो बारीक चौकोन असतात. साडू त्यांना घरं म्हणायचा. एकेक घर तपासत जायचं.

तर फेब्रुवारीची तेरा तारीख, गुरुवार. रात्री पाऊण वाजता त्याला घरी फोन आला, नमुना बघायला या. त्यात नवल काही नव्हतं, महिन्यातून एकदा यायचाच. स्वेटर चढवला, स्कूटर काढली, गेला.

तळघराच्या दारात वॉर्डातली डॉक्टरीण उभी होती. लहानशीच पोर. हातात नमुन्याची नळी.

"आपल्या सिस्टर आहेत हो. ताप, अंगभर फोड. कांजिण्या असतील तर त्यांचं औषध आत्ता चालू करते. दुसरं काही असेल तर अख्खा वॉर्ड बंद करायला हवा."

"लागण कुठून झाली?"

"पंधरा दिवसांपूर्वी असेच फोड आलेला तो ट्रकवाला वारला ना, त्याचं सगळं ह्यांनीच केलं. पण त्याच्या नमुन्यात तर तुम्हाला काही सापडलं नव्हतं. म्हणून आम्ही त्याला वेगळं ठेवलं नाही."

"नव्हतं सापडलं," साडू म्हणाला.

ती जिना चढून सिस्टरकडे गेली. ह्यानं जाळी तयार केली, यंत्रात घातली, खोलीतला दिवा मालवला. त्या कामाला काळोखच लागतो. समोर ताटाएवढी जाड काच, आत हिरवट उजेडाचा पडदा. त्यावर चित्र उमटतं.

पहिलं घर. काही नाही.

दुसरं, तिसरं... पाचवं. नुसता गाळ. घड्याळात दोन पस्तीस झालेले. त्यानं मान वर केली, कंबर सरळ केली, दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

मागं स्टूल करकरलं.

डॉक्टरीण आली असेल, असं त्याला वाटलं. "काही दिसत नाहीये, डॉक्टर," तो म्हणाला.



मग... अगदी पाठीशी... घोगरा, पुरुषाचा आवाज.

"मागच्या खेपेलाही एवढीच घरं बघितली होती."

पोरांनो, साडूचा हात हवेतच राहिला. कारण ते खरं होतं. ट्रकवाल्याच्या नमुन्याची पाचच घरं त्यानं बघितली होती. त्या संध्याकाळी लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. एक वाक्यसुद्धा नव्हतं तिला, पण बापानं यायलाच हवं म्हणून रडली होती. ह्यानं 'काही आढळले नाही' लिहिलं आणि पळाला. तेव्हा खोलीत तो एकटाच होता. बायकोलाही बोलला नव्हता.

"कोण आहे?"

फक्त यंत्राची घरघर.

मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. हात खाली आला... बटण सोडून जाळी सरकवायच्या चकतीवर. चकती फिरवली.

सहावं घर.

सातवं.

"पुढं."

आठवं... नववं... मानेवर गार काहीतरी. श्वास नव्हे. श्वास गरम असतो.

दहावं.

अकरावं.

विटा.

एकीला एक लागून... पाच, सहा, दहा विटा.

"हाच का तो?"

"हो," साडू म्हणाला. आपणच बोललो हेही त्याला उशिरा कळलं.

मग हळू आवाजात,

"मग माझ्या वेळी का नाही सांगितलंत?"

त्यानं दिवा लावला. स्टूल रिकामं. दाराला आतून कडी, त्यानंच लावलेली, ते त्याला आत्ता आठवलं.

फोन उचलून तो ओरडलाच, "कांजिण्या नाहीत! वॉर्ड बंद करा!" दोन दिवसांत आणखी तिघांना फोड आले, पण तोवर ते वेगळे ठेवलेले होते. रोग तिथंच थांबला. सिस्टर वाचल्या. एक डोळा मात्र गेला.

सकाळी साडूनं ट्रकवाल्याची जाळी डबीतून काढली आणि पुन्हा बघितली. पाच घरं मोकळी. सहाव्यात विटाच विटा. तो तडक साहेबांकडे गेला, आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. मग वॉर्डात सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. त्या काय बोलल्या ते त्यानं मला सांगितलं नाही.

"आणि तो आवाज? पुन्हा आला?"

नाही. कधीच नाही.

पण पुढच्या आठवड्यात चित्र धुरकट दिसायला लागलं. काचेवर डाग होता. साडूनं फडक्यानं पुसला, स्पिरिटनं पुसला, जाईना. शेवटी दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं बॅटरी तिरपी धरली. काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"साहेब, ह्या काचेच्या आत हवासुद्धा नसते," तो म्हणाला. "आणि बसवल्यापासून ही काच कोणी काढलेली नाही. सील बघा ना."

"मग?"

"डाग आतून आहे."

साडू वाकला. कपाळ... खाली नाकाचा शेंडा... बाजूला चार बोटं. बंद खिडकीला तोंड लावून कुणी बाहेर बघत राहावं, तसा ठसा.