वाचत राहा, स्टेनवर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या स्टेनवर मावशीनं आयुष्यभर वर्तमानपत्रात लिहिलं. पण ही एकच हकीकत तिनं कधी कागदावर उतरवली नाही. म्हणायची, "खरं घडलेलं लिहायला हात धजत नाही गं."

नाताळच्या आधीचा आठवडा होता. आइसलंडच्या उत्तर भागात हामारकोट नावाचं मावशीच्या सासरचं शेतघर. तिथं तेव्हा वीजसुद्धा आली नव्हती.

दुपारी तीनलाच काळोख पडला, आणि वादळ सुरू झालं.

मावशीचा नवरा केटिल सकाळीच मेंढरं आणायला गेला होता. अजून परतला नव्हता. घरात फक्त ती आणि तिचे सासरे, थॉरग्रिम. पार आंधळे झालेले. हिवाळ्यात अंधार पडला की एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी लोकर पिंजायची, ही त्या घराची रीत. म्हातारा पिंजत होता. मावशी वाचत होती, पण जीव सगळा दाराकडे लागलेला.

"पुन्हा तीच ओळ वाचलीस, पोरी."

"बाबा, येईल ना हो तो?"

"माझा पोरगा आहे. वाट चुकेल, पण जेवण चुकवायचा नाही."

तिला हसू आलं नाही.

तेवढ्यात... दार वाजलं.

एकदाच.

ती उठली. म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं.

आमच्याकडे अंधार पडल्यावर आलेला माणूस दार वाजवत नाही. खिडकीशी येऊन हाक देतो, "इथं देव असो!" आतून "देव तुझं भलं करो!" असं उत्तर आलं, की मग आत येतो. जे माणूस नाही, त्याला ते नाव घेता येत नाही म्हणतात. मावशी शहरात वाढलेली. महिन्याभरापूर्वीच तिनं आपल्या सदरात या रीतीची मनसोक्त टर उडवली होती.

"आधी देवाचं नाव घेऊ दे त्याला," म्हातारा म्हणाला.

"बाबा, बाहेर गारठून मरेल तो!"

"केटिल असेल तर घेईल."

वारा क्षणभर थांबला...

"स्टेनवर." केटिलचाच आवाज. "उघड."

मग मात्र तिला राहवलं नाही.

"ये!" ती ओरडली. "ये आत!"

कडी तिनं काढलीच नव्हती.

तरी दार उघडलं.

केटिल आत आला आणि दाराजवळच्या तिपाईवर बसला. ती धावत त्याच्याकडे निघाली, आणि अर्ध्यातच थबकली. केटिल आल्याआल्या बूट आपटायचा. आज पावलांचाही आवाज आला नव्हता.

शेगडी रसरसून पेटली होती.

त्याच्या दाढीवरचा बर्फ वितळत नव्हता...

"वाच," तो म्हणाला.

ती कशीबशी जागेवर येऊन बसली. म्हाताऱ्यानं लोकर चाचपडण्याचं निमित्त केलं आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "थांबू नकोस. वाचत राहा, स्टेनवर."

ती वाचत राहिली.

पान उलटायला आवाज थांबला, की तिपाई सरकल्यासारखं वाटायचं. मान वर करावी... तर ती आणखी जवळ आलेली.

पुस्तक संपलं. तिनं श्वासही न घेता पुन्हा पहिलं पान काढलं. घसा सोलवटला होता. गुडघ्यांना आता गारवा लागत होता.

आणि खिडकीशी हाक आली. घोगरी, दमलेली.

"इथं देव असो!"

केटिल!

उत्तर द्यायचं तर वाचणं थांबवावं लागणार. म्हाताऱ्याचे ओठ नुसते हलले, आवाज फुटला नाही. उत्तर आलं नाही, तर घरात कुणी नाही असं समजून केटिल पुन्हा वादळात शिरला असता.

तिनं पुस्तक मिटलं. डोळेही मिटले.

"देव तुझं भलं करो!"

गालाला काहीतरी थंडगार लागलं...

डोळे उघडले. तिपाई तिच्या गुडघ्यांना टेकलेली होती. रिकामी.

कडी लागलेलीच होती. तिनं काढली. केटिल आत आला, बूट आपटले. मावशीनं आधी त्याच्या दाढीवर हात ठेवला. पाणी! ती हमसून हमसून रडली.

"डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं," केटिल म्हणाला. "तुझा आवाज धरून आलो. नदीपलीकडून ऐकू येत होता."

त्या घराच्या भिंतींतून आवाज गोठ्यापर्यंतही जात नाही.

"पण तुझ्यासोबत वाचत कोण होतं गं?"

"मी एकटीच वाचत होते."

"छे. पुरुषाचा आवाज होता. अगदी माझ्यासारखा."

तिपाईवर बसलेल्या त्यानं केटिलला घरी आणलं, की तो केटिलची जागा घ्यायला आला होता? मावशीला मरेपर्यंत कळलं नाही. तिला खात होती ती वेगळीच गोष्ट. "मी त्याला 'ये' म्हटलं होतं," ती म्हणायची. "'जा' कुणीच म्हटलं नाही."

मावशीमागे आता हामारकोटला मी राहते. तिपाई दाराजवळच आहे.

गेल्या हिवाळ्यात असंच वादळ झालं. माझा नवरा मेंढरांमागे गेलेला, परतायचा पत्ता नाही. मी पुस्तक काढून मोठ्यानं वाचायला बसले.

थोड्या वेळानं... माझ्या मागून कुणीतरी तेच शब्द म्हणायला लागलं.

'जा' हा शब्द ओठांवर आला होता. पण नवरा अजून बाहेरच होता.

मी वाचत राहिले.